छपराला हवा लागू दे

इंदूर, १२ ऑक्टोबर

प्रिय शरद,
सप्रेम नमस्कार.

फोनवर सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितोय. रामबागेतलं तुमचं घर वळचणीपासून आढ्यापर्यंत पाहून आलो. छप्पर उतरवून स्लॅब टाकायची काही गरज नाही. पण सुताराने सांगितलेला इलाजही करू नकोस.

त्याचं म्हणणं, दीमक, म्हणजे वाळवी, लागलीय. औषध मारू आणि खालून पीओपीचं सीलिंग ठोकून टाकू. मला वाळवीची मातीची नळी कुठेच दिसली नाही, ना भिंतीवर, ना तुळयांवर. रस्त्याकडची शेवटची तुळई भिंतीत शिरते तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर जोर न लावता बोटभर आत गेला. वीतभर अलीकडे तोच ठोकूनही शिरेना. त्या टोकाला उभ्या-आडव्या भेगा पडून लाकडाचे तपकिरी चौकोनी तुकडे झालेत, चिमटीत धरले की भुगा. हे बुरशीचं काम आहे. आणि साग सडत नाही ही समजूत अर्धीच खरी. गाभा टिकतो, पण सालीलगतचा फिकट भाग इतर कुठल्याही लाकडासारखाच सडतो. या तुळईची एक बाजू तशी फिकटच आहे.

बुरशीला हवा, ऊब आणि ओल लागते. पहिल्या दोन गोष्टींचं इंदुरात तू काही करू शकत नाहीस, म्हणजे आपल्या हातात उरली ओल. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली असली की बुरशीचं काही चालत नाही. २८-३० टक्क्यांच्या वर गेली आणि तिथेच मुक्कामाला राहिली की कुजणं सुरू. पावसात भिजलेला वासा चार दिवसांत वाळला तर त्याला काही होत नाही. आपल्याकडे ३५-४० इंच पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांतला. पुढे छपराला मोकळी हवा मिळाली की ते आपोआप कोरडं होतं. आजोबांच्या वेळी तसंच होत होतं.

आता मात्र ओल बाहेर पडायला वाटच नाही. कबुतरं नकोत म्हणून वळचणीखालची फट कोणीतरी विटांनी बुजवलीय. कवेलूंखाली, म्हणजे कौलांखाली, प्लास्टिक अंथरलंय, ते थेट लाकडी पाटांना चिकटलंय. आणि वर कडी म्हणजे भाडेकरूंच्या न्हाणीघरातला एक्झॉस्ट पंखा सगळी वाफ पोटमाळ्यात सोडतो! थंडीच्या रात्री कवेलू गार पडले की ती वाफ प्लास्टिकच्या खालच्या अंगाला पाणी होऊन पाटांवर उतरणार. म्हणजे पाऊस संपल्यावरही तुमचं छप्पर भिजतच राहतं. त्यात खालून पीओपी मारलं की आत काय चाललंय ते कळायचंसुद्धा नाही. इथला होळकरांचा राजवाडा १९८४ साली जळला तेव्हापासून जुन्या लाकडाला लोक आगीसाठी घाबरतात. पाण्याची धास्ती कोणाला वाटत नाही.

पाणी येतं कुठून, तेही सापडलं. ओलीचा डाग माजघरावर आहे, पण गळतं तिथे नाही. शेजाऱ्यांनी तीन मजले चढवले, त्यांची भिंत आणि तुमच्या छपराचं पाखं यांच्या मधली पत्र्याची पन्हळ पिंपळाच्या पानांनी गच्च भरलीय. पाणी तिथे तुंबतं, पत्र्याच्या गंजलेल्या सांध्यातून आत येतं आणि वाशाच्या पोटाने घरंगळत माजघरापर्यंत जातं. एक पिंपळाचं रोपही भिंतीत रुजलंय. ते नुसतं उपटून भागणार नाही, मुळासकट काढायला हवं.

तर आधी पन्हळ नवी, रुंद, चांगल्या उताराची. विटा काढून तिथे जाळी, आढ्यालाही हवा जायला जागा. प्लास्टिक काढून टाकायचं. तुळईचं सडलेलं टोक कापताना दिसतं तेवढंच कापायचं नाही, पुढचं हातभर चांगलं लाकूडही जाऊ दे, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे पोचलेली असते. नवा तुकडा वाळलेल्या सागाचा, तिरका सांधा देऊन बोल्टने आवळलेला. तो भिंतीत बसवताना खाली दगड, आणि बाजूंनी इंचभर पोकळी ठेवायची. गवंडी सवयीने ती बांधकामाच्या मसाल्याने बुजवतील, तिथे मी स्वतः उभा राहीन. आतल्या लाकडाला बोरॅक्स-बोरिक अॅसिडचा हात द्यायचा. ते पावसाने धुऊन जातं, म्हणून बाहेरच्या बाजूला त्याचा उपयोग नाही. ऑइलपेंट तर लाकूड कोरडं होईपर्यंत अजिबात नको, ओल आतच कोंडेल.

घाई करू नकोस. पन्हळ आणि जाळ्या दिवाळीआधी, सुतारकाम डिसेंबरात. तोवर त्या तुळईखाली लोखंडी टेकू लावून घेतो. ओल मोजायचं यंत्र माझ्याकडे आहे, दोन सुया लाकडात टोचायच्या की आकडा दिसतो. दर महिन्याला कळवत जाईन. कवेलू मात्र दरवर्षी मे महिन्यात परतून घ्यायला लागतील. ते तू गेली कित्येक वर्षं टाळतोयस.

भाडेकरूंशी तू बोल. पंख्याचं तोंड बाहेर काढायला त्यांच्या टाइल्स फोडाव्या लागणार. शेजाऱ्यांशी मीच बोलतो. तू बोललास तर पन्हळ राहील बाजूला आणि भांडण होईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनंत