केंद्रीय श्रममंत्र्यांना खुले पत्र: अपघातानंतरच्या पहिल्या तासात कामगाराला खरे कोण सांगणार?

माननीय श्रम व रोजगार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

पॉवर प्रेसखाली (पत्रा दाबून घडवणाऱ्या यंत्राखाली) बोट गेले की पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यात पहिले वाक्य बहुतेक वेळा हेच ऐकू येते: ‘लक्ष कुठे होते तुझे?’ ते ऐकणारा कामगार तिथल्या तिथे ठरवून टाकतो की चूक आपली, आता पैसे कोणत्या तोंडाने मागायचे. खरे तर तो ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, विमाधारक असतो. त्याच्या पगारातून दर महिन्याला पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. हा विमा अशाच दिवसासाठी आहे. तरी अर्ज होत नाही, किंवा इतका उशिरा होतो की कागद जुळता जुळत नाहीत.

आपण श्रममंत्री आहात, तसेच कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे अध्यक्षही आहात, म्हणून थेट आपल्याला लिहितो आहे. जखमी कामगारांचे कागद जमवायला मदत करणारा मी एक कार्यकर्ता आहे. अपंगत्वाच्या लाभाबद्दलचे गैरसमज हे कामगारांच्या अडाणीपणाचे फळ आहे, असे मी मानत नाही. शिकलेला, आयटीआय झालेला मुलगाही त्यात फसतो. कारण अपघातानंतर त्याच्याशी सगळे बोलतात, फक्त महामंडळ बोलत नाही.

‘चूक आपलीच’ हा पहिला समज पाहा. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात पुढे घातलेले कलम ५१-ब स्पष्ट होते. कामगाराने नियम मोडला असेल, सांगितले नसतानाही हात घातला असेल, तरी ते काम मालकाच्या धंद्यासाठीच चालू असेल, तर तो अपघात कामावरचाच धरायचा. गार्ड, म्हणजे हात वाचवणारे मशीनवरचे झाकण, काढून मशीन चालवणाऱ्या मुलालाही लाभ मिळतो. आणि गार्ड कोणी हौसेने काढत नाही. तासाला ठरलेले नग निघाले नाहीत तर ओरडा खावा लागतो, म्हणून तो निघतो. हे शॉपफ्लोअरवरच्या प्रत्येकाला ठाऊक असते. पण कायद्यातली ही ओळ मला भेटलेल्यांपैकी क्वचितच कोणाला ठाऊक होती.

दुसरा समज ‘सहा महिने भरले पाहिजेत’ हा. हा हवेतून आलेला नाही. आजारपणाच्या लाभासाठी सहा महिन्यांच्या अंशदान कालावधीत ७८ दिवसांची वर्गणी लागते, मग पगाराच्या ७० टक्के दराने पैसे मिळतात. ताप-काविळीच्या वेळी कामगार हा नियम शिकतो आणि अपघातालाही तोच लावतो. कामावरच्या अपघाताला मात्र अशी अट नाही. कामाच्या पहिल्याच दिवशी हात सापडला तरी तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के दराने, दुखापत बरी होईपर्यंत मिळतो. फक्त अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बंद असावे लागते. नवा मुलगा मात्र ‘माझे कार्डच अजून आले नाही’ म्हणून गप्प बसतो. कार्ड आले नाही हा मालकाचा दोष आहे. मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून कामगाराचा हक्क बुडत असेल, तर महामंडळाने त्याला लाभ द्यावा आणि रक्कम मालकाकडून वसूल करावी, अशी तरतूद कायद्याने करून ठेवली होती. ठेकेदाराच्या माणसांचेही तसेच. त्यांच्या वर्गणीची पहिली जबाबदारी मूळ मालकावर असते. ‘तू कंपनीचा नाहीस’ हे वाक्य विम्याच्या बाबतीत खोटे आहे.

सर्वांत जास्त नुकसान करणारा समज ४० टक्क्यांचा आहे. दिव्यांग प्रमाणपत्राचे सवलतींसाठीचे किमान प्रमाण ४० टक्के, हे लोकांनी इतक्या वेळा ऐकले आहे की कोणताही सरकारी लाभ त्याखाली मिळतच नाही असे ते धरून चालतात. बँकेतला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा त्यात भर घालतो. तिथे एका हाताचा किंवा पायाचा पूर्ण उपयोग गेला तर एक लाख रुपये मिळतात. मग कामगार म्हणतो, माझे तर फक्त एक बोट गेले.

ईएसआयचे गणित पूर्ण वेगळे आहे. इथे मेडिकल बोर्ड, म्हणजे डॉक्टरांचे मंडळ, कमाईची क्षमता किती टक्के घटली ते ठरवते. त्यासाठी कायद्यासोबत तक्ता जोडलेला आहे: अंगठा गेला तर ३० टक्के, पूर्ण तर्जनी १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. महिना १५,००० रुपये मिळवणाऱ्याचा रोज ५०० धरला तर पूर्ण दर त्याच्या ९० टक्के, म्हणजे ४५० रुपयांचा. तर्जनी गेलेल्याला या ४५० चे १४ टक्के, म्हणजे दिवसाला ६३ रुपये, महिन्याला सुमारे १,८९० रुपये मिळतात, आणि ते आयुष्यभर. विशीतल्या मुलासाठी ही रक्कम किती मोठी होते याचा हिशेब आपणच करावा. आणि हे सोडून देण्याचे कारण काय, तर ‘चाळीस टक्के होत नाहीत’ असे कोणीतरी कँटीनमध्ये सांगितले.

त्याच्या जोडीला आणखी एक: ‘पुन्हा कामावर गेलास की पेन्शन बंद.’ बंद होतो तो तात्पुरता लाभ. काम करून पगार घेतलेल्या दिवसाचा तो मिळत नाही. कायमच्या अपंगत्वाचा लाभ नोकरी चालू असतानाही मिळतो, नोकरी बदलली तरी मिळतो, सुटली तरी मिळतो. पण घडते असे की जखम भरली, डॉक्टरांनी शेवटचे प्रमाणपत्र दिले, कामगार त्याला ‘फिट सर्टिफिकेट’ म्हणतो आणि सोमवारी मशीनवर उभा राहतो. त्या कागदानंतर मेडिकल बोर्ड नावाची पायरी आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. माझ्या मते सर्वांत जास्त माणसे इथेच गळतात, कारण त्यांच्या दृष्टीने प्रकरण मिटलेले असते.

घरून कामावर येता-जाता झालेला अपघातही, त्याचा कामाशी संबंध दाखवता आला तर, २०१० च्या दुरुस्तीपासून कामावरचा धरला जातो. तरी दुचाकीवरून पडलेले कामगार फक्त गाडीच्या विम्याच्या मागे धावतात. काहींना एजंट गाठतात आणि ईएसआय सोड, भरपाईचा दावा टाक, लाखो मिळतील असे सांगतात. विमाधारकाला त्याच अपघातासाठी कर्मचारी भरपाईच्या तरतुदींखाली वेगळी भरपाई मागता येत नाही, हे कळेपर्यंत वर्ष जाते.

महोदय, हे सगळे समज पहिल्या तासात रुजतात. सुपरवायझर त्याला जवळच्या खासगी दवाखान्यात नेतो, टाके पडतात, बिल कंपनी भरते, घरी जाताना हातात थोडे पैसे ठेवले जातात. कामगाराला वाटते, मालक चांगला आहे. असेलही. पण ईएसआयच्या डॉक्टरांचा कागद तयार झाला नाही, अपघाताचा अहवाल गेला नाही, आणि पुढच्या प्रत्येक पायरीवर हेच दोन कागद मागितले जाणार आहेत. काही ठिकाणी तर नोंदणीच अपघातानंतर घाईघाईने होते. मग कामगाराला वाटते की त्या तारखेमुळे आपलाच दावा खोटा ठरेल, आणि तो घाबरून गप्प राहतो.

दवाखान्यात पोचलेल्यालाही वाट सापडत नाही. महाराष्ट्रात बरेचसे कामगार विमा दवाखाने आणि रुग्णालये राज्याच्या यंत्रणेकडे आहेत, पैसे देणारे शाखा कार्यालय महामंडळाचे. पट्टी एका ठिकाणी, पैसे दुसऱ्या ठिकाणी. मधल्या खिडकीवर ‘ते आमच्याकडे नाही’ असे उत्तर मिळाले की तो ते ‘तुला मिळणार नाही’ असे समजून घरी जातो.

आता १९४८ च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. कलमांचे आकडे बदलले, कार्यालये नव्या नियमांची पुस्तके चाळत आहेत. येण्याजाण्याच्या अपघाताचे संरक्षण संहितेत कायम आहे, पण कामगारांमध्ये ‘जुने सगळे रद्द झाले’ अशी कुजबुज आत्ताच सुरू झाली आहे. म्हणून हीच वेळ आहे.

माझी मागणी नव्या योजनेची नाही. कामावरच्या दुखापतीची पहिली पट्टी बांधतानाच जखमी माणसाच्या हातात एक पान द्या. महाराष्ट्रात ते मराठीत आणि हिंदीत हवे, कारण चाकणच्या मशीनवर बिहारचा, उत्तर प्रदेशचा, मराठवाड्याचा मुलगा शेजारी शेजारी उभा असतो. त्यावर पाच-सहा वाक्ये पुरतील: चूक कोणाची हे पाहिले जात नाही, पहिल्या दिवसापासून हक्क आहे, ४० टक्क्यांची अट नाही, कामावर परतलात तरी कायमचा लाभ चालू राहतो, शाखा कार्यालय अमुक ठिकाणी आहे. विमाधारकाचा मोबाइल नंबर महामंडळाकडे असतोच. अपघाताची नोंद होताच हीच वाक्ये त्याला संदेशाने पाठवा. मालकाने अहवाल दिला नाही तर कामगाराला किंवा डॉक्टरांना तो थेट नोंदवता यावा आणि त्याची पोच मिळावी.

आणि ज्याचे बोट, डोळा, हात कायमचा गेला हे डॉक्टरांना समोर दिसते आहे, त्याने अर्ज करण्याची वाट पाहू नका. शेवटच्या प्रमाणपत्रासोबतच मेडिकल बोर्डाची तारीख द्या. बोर्डाने टक्के ठरवले की ते कशाच्या आधारे ठरवले हे त्याला कळेल अशा भाषेत लिहून द्या, आणि निर्णय मान्य नसेल तर अपील कुठे आणि किती दिवसांत करायचे तेही त्याच कागदावर छापा. या मागण्यांपैकी कोणत्या मान्य आहेत आणि कोणत्या नाहीत, याचे उत्तर आपण जाहीरपणे द्यावे, ही विनंती.

आपला,
भोसरीतील एक कामगार कार्यकर्ता