मी सातवर होते, तेव्हा तो ‘पा’ म्हणाला

अडीच वर्षांचा झाला तरी आमचा लेक एक शब्द बोलत नव्हता. “मुलगे उशिराच बोलतात,” म्हणत आम्ही सहा महिने घालवले. ते अजून सलतं.

अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर तपासणीला आले, त्यांनी जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली. सेविकाताई रोज “गेलात का?” विचारत राहिल्या, नाहीतर ती चिठ्ठी कपाटातच पडली असती. ताई, तुमचे आभार.

आधी कानांची बेरा तपासणी, म्हणजे ऐकू येतं का ते यंत्राने बघायचं. त्यासाठी पोर झोपायला हवं, आणि ते झोपेल तर शपथ! सिस्टर, जेवण सोडून तुम्ही त्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्यात. ऐकू नीट येत होतं.

आणि स्पीच थेरपीच्या मॅडम. “पेला धरा, ‘पाणी’ म्हणा, मग मनात दहा मोजा. लगेच देऊ नका.” आठ महिने मोजत होते मी. (सासूबाईंना हा छळ वाटायचा.) गेल्या मंगळवारी सातवर आले आणि तो पेल्याकडे बघत म्हणाला, “पा.”

एसटीत आमच्यासाठी खिडकीची जागा धरणाऱ्या कंडक्टरदादा, तुमचेही मनापासून आभार. आता तो तुम्हाला ‘दा’ म्हणतो.