सदाला, पेढ्यांबद्दल

प्रिय सदा,

गणपतीपासून लिहीन लिहीन म्हणतोय, दिवाळीही गेली. रागावू नकोस. माझा गुडघा बरा, हिची शुगर ताब्यात.

काल मालदीवच्या मालेहून धाकट्याचा फोन आला. 3 नोव्हेंबरची त्यांना सुट्टी असते, विजय दिनाची. त्याचा घरमालक 1988 ची ती पहाट सांगत बसला होता. लुथुफी नावाच्या तिथल्याच व्यापाऱ्याने सरकार उलथवायला श्रीलंकेतले भाडोत्री तमिळ बंडखोर आणलेले, रस्त्यांवर गोळीबार, आणि हा दिवसभर खिडक्या लावून अंधारात. अध्यक्ष गयूम त्यांच्या हाती लागले नाहीत, हुलुलेचा विमानतळही घ्यायचा राहिला. म्हणून तर आग्र्याहून निघालेले आपले पॅराट्रूपर त्याच रात्री तिथे उतरू शकले.

धाकटा म्हणाला, "माझ्या बाबांनी गोदावरी युद्धनौका बांधलीय." म्हाताऱ्याने त्याचे दोन्ही हात धरले म्हणे. मग हळूच म्हणाला, "बंडवाले पळाले त्या प्रोग्रेस लाइट जहाजावरून ओलीस नेले, त्यातले सगळे परत आले नाहीत."

सदा, रात्रभर डोळा लागला नाही. गोदावरी आणि बेतवाने ते जहाज अडवल्याची बातमी आली, तेव्हा मी कॅन्टीनमध्ये पेढे वाटले. तू पेढा परत डब्यात ठेवलास. "ओलीस मेलेत रे, पेढे कसले?" मी तुला नाही नाही ते बोललो, चार महिने तुझ्याबरोबर डबा खाल्ला नाही. एकोणीस माणसं गेली त्या सगळ्यात. बहुतेक बंडवाले होते, एवढंच मी धरून बसलो.

अभिमान मला आजही आहे. स्लिपवेवर उन्हात भाजत तिचे पत्रे आपण जोडलेत, 1980 ला ती पाण्यात उतरली तेव्हा तूही रडला होतास. डावीकडचा तो सांधा तुझा की माझा, हे भांडण ती 2015 साली निवृत्त झाली तरी मिटलं नाही. तुझाच होता, जा! पण त्या दिवशी ओलिसांच्या घरी काय चाललं असेल, हे माझ्या मनात आलं नाही आणि तुझ्या आलं.

वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? घर शाकारलंस का? कळव.

धाकटा विचारतोय, घरमालकाला बाबांचा काय निरोप सांगू. मला दोन ओळी सुचेनात. तू लिहून पाठव, मी खाली आपल्या दोघांची नावं घालतो.

तुझा,
बाळ्या