रविवारची भटकंती: आंजर्ले आणि हर्णै

मंडळी, रविवारी घाई अजिबात नाहीये पण सकाळी ७ला चहा पिऊन सगळे मुरुडच्या घराच्या अंगणात हवेत. आधी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, वरून समुद्र आणि सुवर्णदुर्ग दोन्ही दिसतात त्यामुळे तिथे निवांत बसू, मग घरी येऊन जेवण.

दुपारी ४ला हर्णै बंदर, मासळीचा लिलाव बघायला. जुन्या चपला घाला, आणि बोली चालू असताना मध्ये घुसून फोटो काढू नका प्लीज, त्यांचं पोट आहे ते.

- गाडी बीचवर न्यायची नाही, वाळूत रुतते
- होडीत बसलात तर लाईफ जॅकेट घालायचंच
- शाकाहारी कोण ते आज रात्रीपर्यंत इथेच सांगा, वहिनी एकट्या किती करणार, भांडी आपण घासायची