तान्हा पोळ्याच्या खेळपेटीबद्दल तक्रार

नागपूर,
२५ ऑगस्ट २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘तान्हा पोळा खेळपेटी’चे दोन नग उशिरा मिळणे, एक चाक कमी असणे, तसेच रंग व घुंगरू लहान मुलांसाठी धोक्याचे असणे.

महोदय / महोदया,

९ ऑगस्टला, राखीपौर्णिमेच्या दुपारी, मी तुमच्याकडून तान्हा पोळ्याच्या दोन खेळपेट्या (मुलांनी रंगवायचा लाकडी बैल, चाकं, रंग आणि झूल) मागवल्या. एकीची किंमत ७४९ रुपये. दोन्हींचे १,४९८ रुपये त्याच वेळी भरले. एक पेटी सात वर्षांच्या मुलीसाठी होती, दुसरी साडेतीन वर्षांच्या मुलासाठी. १६ ऑगस्टपर्यंत घरपोच मिळेल असं तुम्ही कळवलं होतं. पेट्या आल्या २१ तारखेला, संध्याकाळी साडेसातला.

हे पाच दिवस आमच्यासाठी काय होते ते आधी सांगते, कारण फोनवर तुमच्या ताईंना ते समजावून सांगणं मला जमलं नाही. यंदा पोळा शुक्रवारी २२ ऑगस्टला होता आणि तान्हा पोळा शनिवारी २३ ला. पोळा मोठ्यांचा, खऱ्या बैलांचा. दुसरा दिवस पोरांचा. लाकडी बैल रंगवायचा, झूल घालायची, बाशिंग बांधायचं, संध्याकाळी मैदानावर तोरणाखाली रांगेत उभा करायचा, आणि तोरण तुटलं की दोरी धरून घरोघरी नेऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैशांची भेट, घ्यायचा. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजीराजांनी १८०६ साली हा सण लेकरांसाठी सुरू केला असं इथे सांगतात. तुम्हीही जाहिरातीत ‘दोनशे वर्षांची परंपरा’ म्हणूनच ही पेटी विकली. तर मग या सणाची तारीख तुम्हाला माहीत होती. उरलेल्या सुट्ट्यांत एखादी गोष्ट पुढेमागे झाली तर चालतं. महाराजबाग आज नाही तर उद्या, रमण विज्ञान केंद्र पुढच्या रविवारी. तान्हा पोळा पुढच्या रविवारी होत नाही.

गुरुवारची संध्याकाळ म्हणजे खांदशेकणीची. माझ्या सासूबाई काटोलकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. बैलाच्या खांद्याला तूपहळद चोळून ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असं म्हणायची त्यांच्याकडची पद्धत. मुलीनं आठवडाभर आजीकडून ते पाठ केलं होतं. चार दिवस रोज शाळेतून आली की पहिला प्रश्न, ‘माझा बैल आला?’ पेटी आली तेव्हा ती जेवत होती. ताट सोडून उठली. तिनं पेटी उघडली, दोन्ही बैल पाटावर ठेवले, वाटीतली हळद बोटानं घेऊन खांद्याला लावली आणि ते वाक्य म्हणाली. त्यानंतर आम्ही बाकीचं सामान बाहेर काढलं.

मुलीच्या पेटीत तीनच चाकं निघाली. पुठ्ठ्याच्या सगळ्या घड्या उलगडून पाहिल्या, कुरिअरची पिशवी झटकली. चौथं चाक नव्हतंच. मुलाच्या पेटीत चाकं चार होती, पण दोन चाकांची भोकं इतकी बारीक की सळई आत जाईना. यांनी सुई तापवून, नंतर पेचकसानं कोरून ती मोठी केली, त्यात रात्रीचे अकरा वाजले. सोबतच्या पुस्तिकेत कृती चौथ्या पायरीवरून थेट सहाव्यावर जाते. चाकं बसवण्याचीच पायरी त्यात नाही.

एका बैलाचं डावं शिंग नीट घासलेलं नव्हतं. मुलीनं ते मुठीत धरलं आणि तळहातात फास गेली. चिमट्यानं काढली, हळद लावली. ती रडली नाही, कारण बैल आल्याचा आनंद मोठा होता. पण लहान मुलांसाठी खेळणं बनवणाऱ्याला चार आण्याचा पॉलिशपेपर शिंगावर फिरवायला हवा होता.

आता रंगाबद्दल. ही माझी मुख्य तक्रार आहे. तुम्ही लिहिलं होतं, ‘पाण्यानं धुतले जाणारे, मुलांसाठी सुरक्षित रंग.’ डब्या उघडताच खोलीत थिनरसारखा उग्र वास पसरला, खिडक्या उघडाव्या लागल्या. लाल रंग तळाशी घट्ट होऊन बसला होता, वर नुसतं तेल. शुक्रवारी सकाळी अकराला रंगवलेला बैल शनिवारी संध्याकाळीसुद्धा बोटाला चिकटत होता. हातावरचा रंग साबणानं निघाला नाही. शेवटी खोबरेल तेल चोळून, कापसानं पुसून काढला, आणि तरी मुलाच्या नखांच्या कडा आजही काळ्या आहेत. कोणत्याही डबीवर रंग कोणी बनवला, कधी बनवला, त्यात काय आहे, यातलं काहीही छापलेलं नाही.

ज्या रंगाची ओळखच नाही त्याला मी सुरक्षित कसं मानू? घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर असू नये असा नियम आपल्याकडे २०१७ पासून लागू आहे. खेळण्यांसाठीचं भारतीय मानक आयएस ९८७३ आहे, त्यात खेळण्यातून अंगात जाऊ शकणाऱ्या शिशासारख्या धातूंची वेगळी चाचणी सांगितली आहे. खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० हा १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे आणि त्यानुसार चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह लागतं. तुमच्या पेटीच्या सहाही बाजू मी पाहिल्या. चिन्ह कुठेही नाही.

‘आमचे बैल हस्तकलेचे आहेत’ असं उत्तर येईल म्हणून आधीच लिहिते. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना या आदेशातून सूट आहे, हे मला माहीत आहे. तशी नोंदणी असेल तर तिचा क्रमांक द्या. गेली तीन वर्षं आम्ही रस्त्याच्या कडेला बसलेल्या सुताराकडूनच बैल घेत होतो. त्यावर कोणतंच चिन्ह नसायचं आणि माझी कधी तक्रारही नव्हती. तो माणूस आमच्यासमोर शिंग घासून द्यायचा, चाक फिरवून दाखवायचा, बैल मुलीच्या हातात द्यायचा आणि मग पैसे घ्यायचा. यंदा दोघांच्याही ऑफिसच्या धावपळीत बाजारात जाणं होणार नाही म्हणून तुमच्यावर भरवसा ठेवला.

घुंगरांचं लिहिताना आजही माझा हात थांबतो. झुलेला लावलेली घुंगरं शिवलेली नाहीत, गोंदानं चिकटवलेली आहेत. शुक्रवारी दुपारी पुरणपोळीची जेवणं आटोपून आम्ही स्वयंपाकघर आवरत होतो. सासूबाई मुलाजवळ बसल्या होत्या. त्याचा गाल फुगलेला दिसला म्हणून त्यांनी तोंडात बोट घातलं, तर दोन घुंगरं निघाली. ज्वारीच्या दाण्याहून थोडी मोठी. झुलेवरची पाच जागची घुंगरं गळालेली होती; दोन तोंडात, दोन सतरंजीवर, पाचवं अजून सापडलेलं नाही. आम्ही त्याला लगेच आमच्या बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी तपासलं, त्रास काही नाही, लक्ष ठेवा म्हणाले. सणाच्या दिवशी, भरल्या घरात, दोन तास आम्ही कोणी एकमेकांशी धड बोललो नाही.

तुमच्या ऑनलाइन विक्रीच्या पानावर ‘३ वर्षांपुढील मुलांसाठी’ असं आहे. पेटीवर ‘४ ते ८ वर्षे’ छापलं आहे. दोन्हींपैकी खरं काय? माझा मुलगा तीन पूर्ण झालेला आहे, त्यामुळे नियमात बसतं असं तुम्ही म्हणाल. पण बारीक भाग तोंडात जाऊ शकतात अशी एक ओळसुद्धा पेटीवर नाही, आणि तान्हा पोळ्याच्या रांगेत कडेवरची लेकरंसुद्धा बैल घेऊन येतात.

शुक्रवारी सकाळी दहाला मी फोन केला. चाकाचं सांगितलं. उत्तर मिळालं, नवीन पेटी सात ते नऊ कामाच्या दिवसांत येईल. संध्याकाळी पुन्हा फोन केला, तेव्हा वासाचं आणि घुंगरांचंही सांगितलं. ताई म्हणाल्या, ‘मॅडम, चाक लोकल मार्केटमधून घेऊन टाका.’ त्या शांतपणे बोलत होत्या, त्यांना दोष देत नाही. त्यांना नागपूरचं ठाऊक नसणार. तान्हा पोळ्याच्या दिवशी इथे मारबतीची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक असते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते. इतवारी-महालचे रस्ते सकाळपासून माणसांनी भरलेले असतात आणि ‘घेऊन जा गे मारबत’ अशा आरोळ्या दूरवर ऐकू येतात. जिथे लाकडी बैल आणि चाकं मिळतात, नेमक्या त्याच भागात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. आमच्या गल्लीतला सुतारही सणाला गावी गेला होता.

सासऱ्यांनी औषधाच्या बाटलीचं झाकण चौथ्या चाकाच्या जागी बसवून पाहिलं. घरात दोन फेऱ्या चाललं, तिसऱ्या फेरीत तडकलं.

शनिवारी संध्याकाळी वस्तीतल्या हनुमान मंदिरासमोर तोरण बांधलं होतं. तीस-पस्तीस मुलं असतील. धोतर-फेटे बांधलेली पोरं, नऊवारी नेसलेल्या चिमण्या पोरी, कुणी मोबाईल पाहून झडत्या, म्हणजे पोळ्याची कवनं, म्हणतंय, मागून सगळे ‘हर हर महादेव’. बाकीचे बैल दोरीनं ओढले जात होते. माझी मुलगी तिचा बैल दोन्ही हातांत उचलून उभी होती. रंग ओला असल्यामुळे तिच्या पिवळ्या परकरावर लाल पट्टा उमटला. बक्षीस देणाऱ्या काकूंनी विचारलं, ‘चालवून नाही दाखवत का गं?’ ती म्हणाली, ‘त्याचा पाय दुखतोय.’ घरोघर बोजारा मागायलासुद्धा तिनं तो तसाच कडेवर नेला, खाली ठेवला नाही. हात भरून आले तेव्हा बाबांकडे दिला, पण दोन घरं झाल्यावर परत मागून घेतला.

आता माझं म्हणणं. या पेट्या ज्यांनी ज्यांनी घेतल्या त्या प्रत्येक घरी आजच कळवा की झुलेची घुंगरं काढून टाका आणि रंग लहान मुलांच्या हाती देऊ नका. हे पैशांच्या आधी झालं पाहिजे. काही दिवसांत याच रंगांच्या डब्या दुसऱ्या कुठल्या सणाच्या पेटीत घालून विकल्या जाऊ नयेत, म्हणून रंगाच्या तपासणीचा अहवाल मला लेखी पाठवा. तपासणी केलेली नसेल तर तसं स्पष्ट लिहा आणि विक्री थांबवा. पानावरचं वय दुरुस्त करा. माझे १,४९८ रुपये आणि डॉक्टरांच्या तपासणीचे ४०० रुपये परत करा. पावती सोबत जोडली आहे, फोटोही.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. तसं झालं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवीन आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तिथे शुल्क पडत नाही. मला तिथे जायची हौस नाही, पण मी जाईन.

मुलाचा बैल, दोन्ही झुली आणि रंगाच्या बाराही डब्या मी वेगळ्या बांधून ठेवल्या आहेत. तुमचा माणूस पाठवा, त्याच्याकडून पोच घेऊन देईन. मुलीचा बैल मात्र ती देणार नाही. यांनी काल तो पूर्ण घासून रंग उतरवला आहे, आता तो नुसत्या लाकडाचा आहे आणि तिच्या उशाशी असतो. त्याच्यासाठी एक चाक पाठवा. दोन इंच व्यासाचं, आणि भोक सळईला बसेल असं.

आपली ग्राहक,
दोन मुलांची आई, नागपूर