दादाला खोलीत कोंडू नका

प्रिय गड्या,

तुझी चिठ्ठी मिळाली. पोळा झाला की दादाला कापसाच्या खोलीत आठ दिवस कोंडायचं, बाहेरून कुलूप अन् दारूचा थेंब नाही, असं तुम्ही घरात ठरवलं म्हणे. करू नका. असं केल्यानं माणूस दगावू शकतो, अन् हे मी तुला भेववायला लिहून नाही राहिलो. सरकारी दवाखान्यात औषधं देतो, असे पेशंट खिडकीतून रोज दिसतात.

तू म्हणतोस, हात कापतात ते नाटक आहे. मागच्या दिवाळीत मीही पाहिलं की गा. सकाळी सदऱ्याचं बटन लागत नव्हतं, चहा बशीत कमी अन् मांडीवर जास्त. पव्वा पोटात गेला आणि थोड्या वेळानं तोच माणूस दाभणात सुतळी ओवून पोतं शिवत बसला. नाटक असतं तर दारूनं थांबलं नसतं.

मेंदूला शांत करणारं एक रसायन असतं, गाबा. चेतवणारं दुसरं, ग्लुटामेट. दारू गाबाचा जोर वाढवते अन् ग्लुटामेटला दाबते, म्हणून पिणारा सैलावतो. पण वर्षानुवर्षं रोजचंच झालं की मेंदू उलटा जोर लावतो: गाबाला दाद कमी देतो, ग्लुटामेट झेलायच्या जागा वाढवतो. यकृतही दारू लवकर मोडायला शिकतं. मग नव्वदनं काही होत नाही, पव्वा लागतो, पुढं दोन. लग्नाच्या मांडवात आपण ‘दादाला पचते’ म्हणून कौतुक करायचो ते हेच! पचते म्हणजे फक्त चढत नाही. यकृताचं व्हायचं ते होतच असतं, आणि ते पार खराब झालं की हाच माणूस थोडक्यात लोळतो.

आता दारू एकदम काढली तर? चिखलात फसलेली बंडी ओढायला बैलांनी जीव लावावा अन् नेमकी तेव्हाच जुपणी तुटावी, तसं होतं. उलटा जोर तसाच असतो, समोरचं ओझं गेलेलं. शेवटच्या घोटानंतर ६ ते १२ तासांत थरथर, घाम, मळमळ, छातीत धडधड. पहिल्या दोन दिवसांत मिरगीसारखे झटके येऊ शकतात. काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो: ताप, अंगावर किडे दिसणं, घरचे ओळखू न येणं. यातच जीव जातो. अन् तुमचं कुलूप नेमकं याच दिवसांत लागलेलं असणार.

दादानं आधी श्रावणात सोडली तेव्हा नुसते हात कापले. पुढच्या श्रावणात रात्रभर घाम अन् बडबड. असं सोडणं-धरणं होत राहिलं की पुढच्या खेपेचा त्रास वाढू शकतो. यंदा झटका येणारच नाही असं कोण सांगेल?

आणखी एक. कोण्या बुवाची पुडी चहातून द्यायचं वहिनीच्या डोक्यात आहे ना? अशा पुडीत काय असतं कोणालाच ठाऊक नसतं. दारू सोडवायची गोळी, डायसल्फिराम, तिच्यात असली अन् वरून तो प्यायला, तर तोंड लाल, उलट्या, रक्तदाब खाली. ती गोळी डॉक्टरच देतात, माणसाला सांगून, तीही दारू सुटल्यावर.

(दारूबंदीवर आपण किती भांडलो! चंद्रपुरात २०१५ ला झाली, २०२१ ला उठली. मी अजूनही बंदीच्याच बाजूचा. पण दुकानाला कुलूप लावणं वेगळं अन् माणसाला कोंडणं वेगळं.)

दवाखान्यात काय करतात? लोराझेपामसारखं औषध देतात, ते गाबाचंच काम सांभाळतं, अन् दिवसागणिक कमी करत नेतात. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, बहुतेकदा इंजेक्शननं. पिणाऱ्याच्या अंगात ते बरेचदा कमी पडलेलं असतं, म्हणून ग्लुकोजच्या सलाईनआधी ते द्यायचं. गावातल्या डॉक्टरला नुसतं सलाईन लाव म्हणू नका. लोराझेपाम मात्र मी तुझ्या हातीही देणार नाही, दारूसोबत घेतलं तर श्वास बंद पडू शकतो.

घरी आल्यावर महिनाभरानं त्यानं पुन्हा धरली, तर जुन्या मापानं पिऊ देऊ नका. तोवर सवय मोडलेली असते, तेवढी झेपत नाही.

तर येत्या बुधवारी सकाळीच त्याला घेऊन ये. तोवर त्याची बाटली हिसकू नका. मध्येच झटका आला किंवा बरळायला लागला तर बुधवारची वाट पाहू नका, १०८ ला फोन लावा. वहिनीला सोबत आणच. रोज किती जाते, शेवटची कधी घेतली, आधी झटका आला होता का, हे डॉक्टर विचारतील. दादा अर्धंच सांगेल, खरं माप तिलाच माहीत आहे.

तुझाच,
दोस्त