ल्यूपसमध्ये एएनए एकदा पुरे, लघवी पुन्हा पुन्हा तपासा

महोदय,

ल्यूपसवर (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार) जे लेख छापून येतात त्यांत गालांवरचे चट्टे असतात, सांधेदुखी असते, केसगळती असते. लघवीच्या तपासणीला फार तर अर्धी ओळ मिळते. या आजारात मूत्रपिंडांना दाह झाला तरी बहुतेकदा ना कंबर दुखते, ना लघवीला जळजळ होते. पायांवर आणि डोळ्यांभोवती सूज दिसेपर्यंत लघवीतून प्रथिने बरेच दिवस गळत असतात.

रुग्णांचे पैसे भलतीकडेच जातात. एएनए (स्वतःच्याच पेशीकेंद्रांविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी) ही निदानासाठीची तपासणी. तिचा आकडा (रक्त किती पट पातळ करूनही ती पॉझिटिव्ह येते तो) १:१६० वरून १:६४० झाला म्हणजे आजार चौपट वाढला असे नव्हे, आणि उपचारांनी ती निगेटिव्ह होईल म्हणून वाट बघण्यातही अर्थ नाही. तरीही ‘पॅकेज’च्या नावाखाली ती दर तीन महिन्यांनी होते.

आजाराबरोबर हलतात ती अँटी-डीएसडीएनए (डीएनएविरुद्धची प्रतिपिंडे; वाढतात) आणि सी३, सी४ (प्रतिकारशक्तीची रक्तातली प्रथिने; घटतात). इथे एका आकड्यापेक्षा कल महत्त्वाचा. लॅब बदलली की पद्धत आणि एकके बदलतात, मग तुलनाच उरत नाही. काहींचे सी४ जन्मतःच कमी असते. गरोदरपणी सी३, सी४ एरवी वाढतात, त्यामुळे तेव्हाचा ‘नॉर्मल’ आकडाही फसवा असू शकतो. रक्ताचे आकडे बिघडले पण रुग्ण ठीक आणि लघवी स्वच्छ असेल, तर केवळ आकड्यांसाठी स्टिरॉइड वाढवू नये. पुढची तपासणी लवकर करावी. ताप आहे आणि सीआरपी (रक्तातले दाहदर्शक प्रथिन) बरेच चढले आहे, तर आधी जंतुसंसर्ग शोधावा. नुसत्या ल्यूपसच्या उठावात ईएसआर (लाल पेशी खाली बसण्याचा वेग, हाही दाहाचाच निर्देशक) वाढते, सीआरपी सहसा फारसे वाढत नाही.

आता लघवी. लघवीत बुडवायच्या पट्टीवरची ‘अल्ब्युमिन १+’ (अल्ब्युमिन हे एक प्रथिन) ही फक्त त्या नमुन्यातली प्रथिनांची दाटी. भरपूर पाणी पिऊन आलेल्या रुग्णात तीच ‘ट्रेस’ दिसते. म्हणून सकाळच्या पहिल्या लघवीचा प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो (प्रथिनांचे क्रिएटिनिनशी, म्हणजे मूत्रपिंडे बाहेर टाकतात त्या स्नायूंतल्या टाकाऊ पदार्थाशी, प्रमाण) करावा. पाळीच्या दिवसांत किंवा मूत्रमार्गात संसर्ग असताना नमुना देऊ नये. रेशो ०.५ (ग्रॅम प्रति ग्रॅम) च्या वर गेला आणि पुन्हा तपासूनही तसाच राहिला, तर बायोप्सीचा (मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासण्याचा) विचार करावाच लागतो. कुठे हाच आकडा ५०० असा छापतात (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम), तेव्हा एकक आधी वाचावे. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो ही वेगळी तपासणी आहे. दोन्हींचे आकडे एका रांगेत लिहू नयेत.

सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी तर हेळसांडीचा बळी आहे. लाल पेशींचे कास्ट (मूत्रपिंडाच्या नलिकांत तयार होणारे पेशींचे साचे) हा मूत्रपिंडाच्या दाहाचा भक्कम पुरावा, पण नमुना दोन तासांच्या आत पाहिला तरच. घरून सकाळी नेलेली बाटली दुपारी शहरातल्या लॅबमध्ये पोचते, तोवर कास्ट विरघळलेले असतात आणि रिपोर्टवर ‘कास्ट: निल’ येते.

रक्तातल्या क्रिएटिनिनवर विसंबणे सगळ्यांत धोक्याचे. तीस वर्षांच्या स्त्रीचे क्रिएटिनिन ०.६ वरून १.१ झाले तर बऱ्याच लॅबमध्ये आकड्यापुढे खूणही पडत नाही. पण मूत्रपिंडांची रक्त गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, साधारण १२४ वरून ६९ वर आलेली असते.

यातली कुठलीच तपासणी मूत्रपिंडाचा दाह कोणत्या प्रकारचा, म्हणजे तिसऱ्या, चौथ्या की पाचव्या वर्गातला, हे सांगत नाही. ते बायोप्सीच सांगते, आणि औषध त्यावर ठरते. लघवीतील सीडी१६३, एमसीपी-१ या दाहदर्शक प्रथिनांवर संशोधन आशादायक आहे, पण आज ती बायोप्सीची जागा घेत नाहीत. उपचार सुरू झाल्यावर प्रथिनांची गळती तीन महिन्यांत किमान पाव भागाने, सहा महिन्यांत निम्म्याने कमी व्हावी आणि वर्षभरात रेशो ०.५ ते ०.७ च्या खाली यावा, असे धरून चालतात.

लॅबचालकांना विनंती: अँटी-डीएसडीएनएच्या रिपोर्टवर पद्धतीचे नाव छापा, क्रिएटिनिनसोबत ईजीएफआर द्या आणि त्याच रुग्णाचे मागचे तीन आकडे शेजारी दाखवा. संगणकात ते असतातच.

— एक मूत्रविकारतज्ज्ञ, कोल्हापूर